सोरायसिस, खाणं आणि व्यायाम: तुमचे अनुभव लिहा

सोरायसिस असलेल्या माणसाला सल्ल्यांची ददात नसते. दूध सोड, टोमॅटो सोड, आंबट सोड, गहू सोड. सगळ्यांचं ऐकायचं म्हटलं तर ताटात पाण्याचा पेला तेवढा उरेल. म्हणून हा धागा. इथे सल्ले नकोत, स्वतःवर करून पाहिलेलं लिहा. काय खाल्लं, काय बंद केलं, कोणता व्यायाम झेपला आणि कशाने काडीचाही फरक पडला नाही. हे शेवटचं आवर्जून लिहा, कारण ते सहसा कोणी लिहीत नाही.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा त्यावर चर्चा नको. एरवी त्वचेची पेशी तयार होऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकतं आणि खवल्यांचे थर साचतात. हा गोंधळ मुळात खाण्याने सुरू झालेला नसतो. त्यामुळे 'अमुक खा आणि मुळापासून बरे व्हा' छापाचं काही आलं तर मी उडवणार. औषधांची नावं लिहा, डोस लिहू नका.

माझ्यापासून सुरुवात. कोपर, गुडघे आणि डोकं, बरीच वर्षं झाली. वजनही भरपूर. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम लिहिता लिहिता वजनाचा विषय काढला तेव्हा मी चिडले होते. जाड माणसाचं नख दुखलं तरी त्याला वजन कमी करायला सांगतात! पण त्यांनी दिलेलं कारण पटलं. चरबी नुसती साठून बसत नाही, दाह वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते, आणि चट्ट्यांना तेच हवं असतं. इटलीतल्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या ३०३ रुग्णांना घेतलं होतं. २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांनी २० आठवडे आहार आणि व्यायाम दोन्ही नेमाने सांभाळले त्यांचा आजार नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा जास्त आटोक्यात आला. औषधं दोन्हीकडे चालू होती, हे विसरू नका.

मी गोड पेयं, बिस्किटं आणि रात्रीचं चरणं बंद केलं. डाळी, भाज्या, मासे वाढवले. जेवण झाल्यावर चालायला लागले. कोपरांवरचे खवले पातळ झाले, मलमाची एक ट्यूब आता पूर्वीपेक्षा बरीच जास्त पुरते. डोकं मात्र ढिम्म. खांद्यावर खवले गळतात, म्हणून काळे कपडे अजून कपाटातच आहेत.

* * *

गव्हाबद्दल मी लिहितो, कारण त्यावरून आमच्या घरात महाभारत झालंय.

मावशीने कुठेतरी वाचलं की ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, बंद केलं की सोरायसिस जातो. डॉक्टर म्हणाले, बंद करायचंच असेल तर आधी रक्त तपासा. सीलिअॅक आजाराच्या, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, अँटिबॉडी रक्तात आहेत का ते पाहायचं असतं, आणि ही तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. गहू सोडून काही महिने गेले की आजार असला तरी अहवाल निर्दोष येऊ शकतो. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या २०१८ च्या आहारविषयक शिफारशींमध्येही हेच आहे. ज्यांच्या तपासणीत ग्लुटेनची संवेदनशीलता दिसते त्यांनीच ते सोडून पाहावं, सरसकट सगळ्यांनी नाही. सगळ्यात ठाम शिफारस वजन जास्त असलेल्यांनी ते कमी करण्याची आहे.

माझी तपासणी निर्दोष आली. मावशीचं समाधान होईना म्हणून तरीही काही आठवडे गहू पूर्ण सोडला. पाठीवरचे चट्टे जिथल्या तिथे. मावशी आता दुधाच्या मागे लागलीय.

* * *

वरच्या दादांना अनुमोदन, पण माझ्या बहिणीची तपासणी पॉझिटिव्ह आली. तिला ग्लुटेन सोडल्यावर पोटालाही आराम पडला आणि त्वचेलाही. तेव्हा 'काही उपयोग नाही' असंही सरसकट म्हणू नये.

* * *

डायरीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

माझा अनुभव असा की कालच्या जेवणाला दोष देण्यात अर्थ नसतो. चट्टा आज लाल दिसला तरी त्याचं बी आठवडे-दोन आठवडे आधी पडलेलं असू शकतं. म्हणून मी वहीत खाण्याबरोबर झोप, ताण, पाळीच्या तारखा, घसा धरणं, नवीन गोळ्या, सगळंच टिपते. चट्ट्यांचे फोटो महिन्यातून एकदा, एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली. शेजारी मोजपट्टी धरते. उजेड बदलला की तोच चट्टा निम्मा दिसतो, आणि आपण उगाच हरखतो.

वहीतून निघालं ते अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. टोमॅटो, वांगं, बटाटा यांच्यावर माझा भारी संशय, पण त्यांचा काही संबंध दिसला नाही. संबंध दिसला दारूचा. ऑफिसातल्या पार्ट्यांचा हंगाम आला की त्यामागोमाग पोटऱ्यांवर नवे चट्टे. पार्टीबरोबर जागरण आणि तळलेलंही येतं, तेव्हा सगळा दोष दारूच्या माथी मारता येणार नाही. पण मी मेथोट्रेक्सेटवर आहे, आणि हे सोरायसिसचं औषध यकृताला जड जाऊ शकतं, त्यामुळे यकृताकडे बघूनही दारू सोडायचीच होती. एक पदार्थ सोडून पाहायचा तर बाकी काही बदलू नका. एकाच वेळी पाच गोष्टी सोडल्या तर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

* * *

व्यायामाबद्दल जरा खोलात लिहितो. 'व्यायाम करा' म्हणणाऱ्याला आपल्या कातडीचं काही माहीत नसतं.

सोरायसिस असलेल्यांच्या त्वचेला जिथे इजा होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी तो नोंदवला. व्यायामशाळेत याचा अर्थ फार रोकडा असतो. वजनाच्या दांड्यावर पकडीसाठी खरखरीत खाचा असतात, त्या तळहाताला घासतात. माझ्या बोटांच्या मुळाशी बरोबर त्या रेषेत चट्टे उठले. हातमोजे घातले, तर मनगटाच्या पट्ट्याखाली उठले. आता पट्टा नसलेले मऊ मोजे वापरतो आणि दांड्याऐवजी जिथे शक्य तिथे गुळगुळीत मुठीची यंत्रं. गुडघे टेकायचे व्यायाम जाड गादीवरच. जोर मारताना कोपर फरशीला लागू देत नाही.

दुसरी भानगड घाम. सुकलेला घाम चट्ट्यावर चुरचुरतो आणि मग खाज. खाजवलं की परत इजा, परत कोबनर. व्यायाम संपल्या संपल्या कोमट पाण्याने अंघोळ, कढत पाणी अजिबात नाही. अंग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर चोपडायचं. हे सगळं करून बाहेर पडताना हात इतके बुळबुळीत झालेले असतात की फोन बोटाला दाद देत नाही. बाजूचे लोक 'लावतोस काय एवढं?' विचारतात. पूर्वी मी कोपऱ्यात तोंड करून लावायचो, आता तिथेच बाकावर बसून लावतो आणि विचारणाऱ्याला बाटली पुढे करतो.

त्वचा म्हणाल तर थोडी सुधारली. झोप मात्र पुष्कळ सुधारली, आणि झोप सुधारली की रात्रीचं खाजवणं कमी.

* * *

ज्यांना काखेत, जांघेत, स्तनांखाली आहे त्यांनी वरचं घामाचं दोनदा वाचा. तिथे खवले नसतात, नुसती लाल चकचकीत त्वचा असते, त्यामुळे पुष्कळदा बुरशी समजून भलतंच मलम लावलं जातं. मला जोराच्या कसरतीपेक्षा पंख्याखालची योगासनं आणि थंड वेळी चालणं मानवलं. सैल सुती कपडे. बाकी खाण्यात मी काहीच बदललेलं नाही.

* * *

मला चट्टे अगदी थोडे, पण नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे होते. त्याकडे मी शोभेची बाब म्हणूनच बघत होते. मग टाच दुखायला लागली. मी धावायचे, तेव्हा सगळ्यांनी धावण्याला धरलं. नवे बूट झाले, बर्फ झाला. पुढे पायाचं एक बोट आख्खंच्या आख्खं सुजलं, आणि सकाळी बोटं मोकळी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायला लागला, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात. सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो आणि नखं बिघडलेल्यांनी जास्तच सावध राहायचं असतं. उशीर झाला तर सांध्याची झीज भरून येत नाही.

व्यायाम थांबवू नका, बदला, असं डॉक्टर म्हणाले. आता पोहते. पाण्यात सांध्यांवर भार फार कमी येतो. क्लोरीनने त्वचा कोरडी पडते, म्हणून उतरण्याआधी मॉइश्चरायझरचा पातळ थर आणि बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुऊन जाड थर. तलावावर एका बाईंनी मुलीला माझ्यापासून बाजूला ओढलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, हे पसरत नाही, माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत झालेलं नाही. त्या ओशाळल्या. मुलगीच म्हणाली, दुखतं का?

* * *

उलट अनुभव हवा होता ना, हा घ्या. मी बारीक आहे, पहिल्यापासून सायकल चालवतो, दारू-सिगारेट नाही, खाणं साधं. तरी निम्मं अंग भरलेलं होतं. आहारात जे जे म्हणाल ते करून पाहिलं, चट्टा मिलिमीटरभर हलला नाही. शेवटी बायोलॉजिक इंजेक्शनने (प्रतिकारशक्तीतला नेमका दाह रोखणारं औषध) त्वचा स्वच्छ झाली. त्यामुळे कोणी 'तुझं पथ्य कमी पडत असेल' म्हणालं की डोकं फिरतं. सायकल मी सोडलेली नाही, कारण तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोका वाढतो. ती हृदयासाठी चालवतो, त्वचेसाठी नाही.

जाता जाता: रक्तदाबाची गोळी सुरू होणार असेल तर सोरायसिस आहे हे त्या डॉक्टरांना सांगा. बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांनी काहींचे चट्टे भडकतात. लिथियमनेही. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

* * *

माझ्या मुलाला आहे, शाळकरी वय. घसा धरला, आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे लाल ठिपके. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी असं होतं म्हणे. घरात सगळे त्याचं खाणं तोडायला निघाले होते. बालरोगतज्ज्ञांनी साफ सांगितलं, वाढत्या मुलाचे पदार्थ तोडायचे नाहीत, घशाकडे लक्ष द्या आणि त्याला खेळू द्या. खेळतोय. गुडघे फोडून येतो आणि माझा जीव वर-खाली होतो, कारण कोबनर मलाही आता पाठ झालाय.

* * *

बायकोला आहे, म्हणून नवऱ्याच्या बाजूने थोडं. तिच्यासाठी वेगळं रांधणं महिनाभर चाललं, मग कंटाळा आला तिलाही आणि मलाही. आता तिच्या ताटात जे, तेच सगळ्यांच्या. साखरेचा डबा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेला. पोरांनी आठवडाभर कुरकुर केली. वजन तिच्याआधी माझंच उतरलं, यावरून ती अजून रागावते.

* * *

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, वाचतेय. डोक्यातल्या सोरायसिसवर अजून कोणीच लिहिलेलं नाही. व्यायामानंतर रोज केस धुता का? कोल टारचा (कोळशाच्या डांबराचा) शॅम्पू किती वेळ ठेवता? हेल्मेट घालणाऱ्यांनी आतल्या अस्तराचं काय केलं तेही लिहा. सायकलवाले दादा, तुम्हीच सुरुवात करा.