लाउडनमध्ये गरीब नाहीत?
‘लाउडन काउंटीत (अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या या जिल्ह्यात) गरीब जवळपास नाहीतच’ असं काहीजण म्हणतात. हे मत मला पटत नाही. कुटुंबांच्या उत्पन्नात ही काउंटी अमेरिकेत अव्वल आहे, हे खरं. पण अलास्का आणि हवाई सोडले तर दारिद्र्यरेषा देशभर एकच: २०२४ साली चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३१,२०० डॉलर. मिसिसिपीतल्या खेड्यात तीच आणि व्हर्जिनियातल्या या महागड्या उपनगरातही तीच! १९६०च्या दशकात ती किराणा खर्चाच्या तिपटीवर बेतली, नंतर फक्त महागाईची भर पडत गेली. स्थानिक घरभाडं त्यात कुठेच नाही.

मी शनिवारी इथल्या एका अन्नवाटप केंद्रात मदतीला जाते. रांगेत बेकार माणसं थोडी. पाळणाघरात, हॉटेलात पूर्णवेळ राबणाऱ्या बायाच जास्त. कागदावर त्या रेषेच्या वर आहेत, पण भाडं भरलं की दूध-अंड्यांनाही पैसे उरत नाहीत.