डेल्फ ए२ सहा आठवड्यांवर, आणि ऐकताना सगळं डोक्यावरून जातंय

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेचा ए२ लेव्हलचा फॉर्म भरून बसलोय, बरोब्बर सहा आठवडे राहिलेत आणि आता धाबं दणाणलंय. ए१ दिलेली नाही, थेट ए२ (चालतं, आधीची लेव्हल दिलीच पाहिजे असं नाही). वर्षभर ॲपवर रोज करतोय, वाचायला बऱ्यापैकी जमतं, क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण ऑडिओ लावला की पहिलं वाक्य डोक्यात शिरेपर्यंत तिसरं संपलेलं असतं. काल एका जुन्या सॅम्पल पेपरात एक बाई आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवते, तिचा फोन नंबर लिहायचा होता, तीनदा ऐकला आणि तीनदा वेगळाच नंबर आला!! तर ऐकण्याची तयारी नेमकी कशी करायची? बोलण्याच्या आधी जी दहा मिनिटं देतात त्यात काय करायचं? आणि पासे काँपोझेत (भूतकाळ) सहायक क्रियापद म्हणून एत्र कुठे नि आव्हुआर कुठे हे अजूनही गोंधळतं, ते घराचं चित्र काढून शिकवतात ती एत्रवाल्या क्रियापदांची यादी मला काही केल्या पाठ होत नाही.

खिडकीजवळची
आधी तो जुना पेपर बाजूला ठेव. २०२० पासून नवा फॉरमॅट आलाय, ऐकणं आणि वाचणं या दोन्हींत आता पर्यायच निवडायचे असतात, उत्तर लिहून काढणं, खरं-खोटं सांगून वाक्य उतरवणं वगैरे गेलं. पुस्तकं मात्र जुनी अजून फिरतायत. परीक्षा बनवणाऱ्या फ्रान्स एदुकासिओं अँतेरनासिओनालच्या साइटवर नव्या पद्धतीचे नमुने फुकट आहेत, ऑडिओसकट.

मार्कांचं गणित माहीत असेलच: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५, पास व्हायला १०० पैकी ५०, पण कुठल्याही एकात ५ च्या खाली गेलास तर बाकीचे कितीही असोत, नापास. म्हणजे ऐकण्यात पंधरा आले तरी पुरे, रेडिओवरचा प्रत्येक शब्द कळायची गरज नाही. रेकॉर्डिंग दोनदा वाजतं आणि त्याआधी प्रश्न वाचायला वेळ मिळतो, तो वेळ खरंच प्रश्न वाचण्यात घालव. कोण, कुठे, किती वाजता, यातलं काय विचारलंय ते कळलं की कान तेवढंच शोधतो.

आता तुझा फोन नंबर. तिकडे नंबर दोन-दोन आकडी जोड्यांत सांगतात. ती बाई म्हणाली 'स्वासाँत', तुझ्या हाताने लगेच ६ काढला, मग आलं 'दीझुईत', म्हणजे अठरा. साठ आणि अठरा, अठ्ठ्याहत्तर! पण तोवर ६ लिहून झालेला असतो आणि पुढची जोडी सुरू. 'कात्र-व्हँ'चंही तेच, चार विसा म्हणजे ऐंशी, पण मागे 'कँझ' (पंधरा) आलं तर पंच्याण्णव. म्हणून 'स्वासाँत' किंवा 'कात्र-व्हँ' ऐकलं की पेन कागदावर टेकवायचं नाही, पुढचा शब्द येऊ दे. आता नंबर लिहायचा नसला तरी पर्यायांत ६८ आणि ७८ शेजारीशेजारी असू शकतात. तसंच 'दझर' दोन वाजता आणि 'दूझर' बारा वाजता, फरक फक्त एका स्वराचा. रोज दहा मिनिटं नुसते आकडे आणि वेळा ऐकून लिहून काढ, दोन आठवड्यांत फरक पडतो.

अर्धविराम
बोलण्याबद्दल मी सांगतो कारण मी तिथेच माती खाल्लीये. दोन चिठ्ठ्या उचलून एक विषय ठेवायचा, असं एकट्याने बोलायच्या भागासाठी आणि मग संवादासाठी. मी सुट्टीबद्दल बोलायचा विषय घेतला आणि सुवाच्य अक्षरात नऊ ओळींचा निबंध लिहून काढला, आठ मिनिटं त्यातच गेली, संवादाची चिठ्ठी नीट वाचलीसुद्धा नाही. आत गेल्यावर कागद बघून वाचायला लागलो तर परीक्षक बाईंनी हसून सांगितलं, वाचू नका, बोला. मान वर केली आणि डोकं कोरं. त्यात संवादात त्या दुकानदार झाल्या होत्या आणि मी त्यांना 'त्यू' म्हणत सुटलो. मराठी माणसाने ही चूक करावी म्हणजे कमाल आहे, जिथे आपण 'अहो' म्हणू तिथे डोळे मिटून 'व्हू', इतकं सोपं. पंचवीसपैकी ९ मिळाले, बाकीच्यांवर तरलो.

तेव्हा कागदावर वाक्यं लिहायचीच नाहीत. एकट्याने बोलायच्या विषयाला पाच-सहा शब्द: कुठे, कधी, कोणाबरोबर, काय आवडलं, का. चार मिनिटं. उरलेली संवादाला, समोरच्याला विचारायचे चार प्रश्न ठरवून ठेव. सुरुवातीची ओळख-पाळख या दहा मिनिटांत धरायची नाही, ती घरून तोंडपाठ नाही पण तोंडात घोळवून ने. आणि कळलं नाही तर 'व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले' (कृपया परत सांगाल का) बिनधास्त म्हण, गप्प बसण्यापेक्षा हजार पटीने बरं.

मोडीवाला
ती घराची यादी सोड रे, मराठी येते ना? 'ती गेली, ती आली, ती निघाली, ती पडली, ती जन्मली', इथे 'तिने' लागत नाही आणि क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये हीच मंडळी एत्र घेतात, आणि बाई असेल तर लिहिताना शेवटी एक ए वाढतो. 'तिने पाहिलं, तिने लिहिलं, तिने विकत घेतलं' इथे आव्हुआर. बऱ्याच वेळा बसतं. फसतं कुठे तर झोपली, हसली, धावली: आपल्याकडे 'तिने' नाही तरी तिकडे आव्हुआरच. म्हणजे यादी उलटी पाठ करायची, फक्त फसणारे शब्द. (आणि हो, 'एल ए आले' म्हणजे ती *गेली*. पहिला महिनाभर मी उलटंच समजत होतो.)

लिखाणात दोन मजकूर असतात, प्रत्येकी किमान ६० शब्द. दोन स्पेसमधलं सगळं मिळून एक शब्द धरतात, त्यामुळे अपॉस्ट्रॉफीने जोडलेले दोन तुकडे एकच. मोजताना हे विसरलास तर ५५ वर अडकशील. आणि पत्रात आभार मान, नकार दे, कारण सांग असं तीन गोष्टी मागितल्या असतील तर तिन्ही लिही, एकीवरच फुलोरा नको.

शाईचा_डाग
बाप रे, स्वासाँतवर पेन उचलून आत्ता परत ऐकलं, नंबर बरोबर आला!! अजून एक, मित्र म्हणतोय टीसीएफ (फ्रेंचचीच दुसरी परीक्षा) दे, त्यात नापास होत नाही.

खिडकीजवळची
नापास नाही होत कारण पास पण नाही, जी लेव्हल येईल ती लिहून देतात आणि तो कागद दोन वर्षं चालतो. डेल्फ आयुष्यभर. फॉर्म भरलायस ना, मग आता त्यालाच बस. ते 'दझर-दूझर' करून बघितलंस का?