मदत हवी आहे: सेल्फीवरून ऑर्डरचं पोर्ट्रेट, नाकाचं काय करावं?

ए३ कागदावर पेन्सिल पोर्ट्रेटची ऑर्डर आहे. संदर्भाला एकच सेल्फी, हातभर अंतरावरून काढलेला. त्यामुळे नाक फुगलंय, कान मागे सरकलेत. २ सेंमीच्या ग्रिडने (फोटोवर आणि कागदावर चौकोन आखून) उतरवलं की ही विकृती तंतोतंत कागदावर येते. दीड-दोन मीटरवरून काढलेला फोटो मिळणार नाही, व्यक्ती हयात नाही. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर प्रमाण धरून नाकपुड्या आत घेतल्या, तर घरच्यांना ओळखू येणारा चेहरा हरवेल का? कान किती बाहेर काढावेत?

शिवाय केसांतले ८बीचे (मऊ, गडद ग्रॅफाइट पेन्सिलचे) थर नेहमी चकाकतात आणि चित्राच्या फोटोत राखाडी दिसतात. मॅट (न चकाकणारं) ग्रॅफाइट घ्यावं की कार्बन पेन्सिल? गुळगुळीत ग्रॅफाइटवर चारकोलसारखं (कोळशाचं) काळं माध्यम नंतर नीट बसत नाही, म्हणून शेडिंगआधीच विचारतोय.