शिकून परत आलेल्यांना पुन्हा बाहेर जायचं असेल तर (अनुभव धागा)

संत्राबाग
दिवाळीची झाडझूड सुरू हाय. लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या खाली कॅनडातल्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट अन् मुदत संपलेला वर्क परमिट सापडला, म्हणून हा धागा. वरुड-मोर्शीकडे शिकून परत आलेले लेकरं हायत. घरचं आजारपण, संपलेला व्हिसा, संपलेला पैसा, कारण कोणी कोणाले विचारू नये. एकच विनंती. कहाणी नको, नियम, तारखा अन् आकडे लिहा, कोणाच्या तरी कामी पडतील.

कॅनडापासून सुरू करतो. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिकल्यावर तिथं काम करायचा परवाना, जिंदगीत एकदाच भेटते. दुसरा डिप्लोमा केला तरी दुसरा परमिट नाई. "पुन्हा अ‍ॅडमिशन घ्या, पुन्हा परमिट घ्या" म्हणणाऱ्या एजंटासमोरून तिथंच उठा. आधी कधीच घेतला नसन, तर कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आल्यापासून 180 दिवसांत अर्ज पाहिजे. ते गेले की तोही रस्ता बंद.

मंग राहते एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी (पीआर) मागायचा रस्ता. त्यातल्या कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासले कॅनडातलं 1 वर्षाचं कुशल काम लागते, म्हणजे 1,560 तास, अन् तेही अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांतलं. लोक इथंच फसतात. समजा काम जून 2022 ते जून 2024 केलं. जून 2026 मध्ये अर्ज गेला तर मोजणी जून 2023 पासून, 12 महिने जेमतेम भरतात. ऑगस्टमध्ये गेला तर 10च. गावात गेलेला एकेक महिना तिकडचा एकेक महिना खाते. हप्त्याले 30 च्या वरचे तास धरत नाईत. फुल टाइम शिकताना केलेलं कामही धरत नाईत.

वैनगंगा
दादा, एक जोडते. 3 वर्षं उलटली म्हणून कॅनडातलं काम वाया गेलं असं समजू नका. फेडरल स्किल्ड वर्कर या दुसऱ्या गटात मागच्या 10 वर्षांतलं काम चालतं, कोणत्याही देशातलं. अट अशी की 1 वर्ष सलग हवं आणि काम टीअर (कॅनडानं ठरवलेल्या कामांच्या पातळ्या) 0, 1, 2 किंवा 3 मधलं हवं. नागपूरच्या कंपनीतली नोकरीसुद्धा यात बसते.

या गटात आधी 100 पैकी 67 गुण लागतात. कॅनडात 2 वर्षं फुल टाइम शिकलेल्याला त्यात 5 गुण, तिथं 1 वर्ष कुशल काम केलेल्याला 10, पण दोन्ही मिळून 10 च्या वर देत नाहीत. इंग्रजीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 7 पाहिजे. एका भागात 6 आला की 67 गुण असून उपयोग नाही.

त्यानंतर अर्जाचं आमंत्रण मिळवायला सीआरएस नावाच्या गुणांची स्पर्धा, ती वेगळी. तिथं कॅनडातल्या 1-2 वर्षांच्या शिक्षणाला 15 आणि 3 वर्षांच्या पदवीला किंवा मास्टर्सला 30 जास्तीचे गुण मिळतात. नोकरीच्या ऑफरचे 50 आणि 200 गुण 25 मार्च 2025 पासून बंद आहेत. "ऑफर लेटर देतो, गुण वाढतील" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पांढरंसोनं
इंग्रजी परीक्षेचं आयईएलटीएस कोणतं? बहिणीचं अ‍ॅकॅडमिक हाय.

वैनगंगा
पीआरसाठी अ‍ॅकॅडमिक चालत नाही, जनरल ट्रेनिंग लागतं. सेल्पिप किंवा पीटीई कोर या परीक्षा पण चालतात. निकाल 2 वर्षंच धरतात, म्हणून शिकायला जाताना दिलेली परीक्षा बहुतेकांची संपलेली असते. कॅनडाच्या डिग्रीला ईसीए, म्हणजे बाहेरची डिग्री तिथल्या कशाच्या बरोबरीची ते सांगणारं प्रमाणपत्र, लागत नाही, इथल्या बीई किंवा बीएस्सीचे गुण हवे असतील तर तिच्यासाठी काढावं लागतं. ते 5 वर्षं चालतं.

पूर्णाकाठ
पैशाचं कोणी लिहिलं नाही, आपल्याकडे सगळ्यात जास्त गाडी तिथंच अडते.

फेडरल स्किल्ड वर्करला निधी दाखवावा लागतो, कॅनेडियन एक्स्पिरियन्सला नाही. रक्कम घरातल्या माणसांवर ठरते आणि दर वर्षी बदलते. यात वावराची किंमत धरत नाहीत. 10 एकर ओलिताचं असलं तरी शून्य. घराची नाही, उधारीची नाही. फक्त हातात येऊ शकणारा पैसा, म्हणजे बचत खातं, मोडता येणारी एफडी वगैरे, आणि तोही अर्जदाराच्या किंवा नवराबायकोच्या नावावर. बापाच्या खात्यातला पैसा बापाचाच. तो द्यायचा असेल तर आधी पोराच्या खात्यात वळवा आणि बक्षीसपत्र करून घ्या.

बँकेचं पत्र लेटरहेडवर पाहिजे. त्यात खाते क्रमांक, खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, मागच्या 6 महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्ज, एवढं सगळं यावं. इथले मॅनेजर नुसतं शिल्लक प्रमाणपत्र छापून देतात, ते अपुरं पडतं. कर्जाच्या रकान्यात पीककर्ज असलं तर तेही येऊ द्या, लपवू नका.

आता कापसाचं. सहा महिने खात्यात 40 हजार आणि डिसेंबरात एकदम 6 लाख जमा, हे तिकडच्या अधिकाऱ्याला उसने आणलेले पैसे वाटतात. बाजार समितीची काटापट्टी, व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, सीसीआयला (कापूस महामंडळाला) दिला असेल तर त्याची पावती, हे सगळं इंग्रजी अनुवादासह जोडा आणि एका पानावर लिहा की कोणत्या तारखेची रक्कम कोणत्या पावतीची आहे. सरासरी 6 महिन्यांची पाहतात म्हणून पैसा आल्याआल्या अर्ज टाकू नका, मुरू द्या.

पांढरंसोनं
यंदा पावसानं बोंडं सडली, मुरवायले काय राहते काकाजी. पण माहिती लाखाची.

पूर्णाकाठ
खरं आहे बाबू. वाईट वाटते.

संत्राबाग
पूर्णाकाठ काकाजी, अनुवादाचं पण सांगा. पोरं काकाकडून नाईतर मास्तरकडून करून आणतात.

पूर्णाकाठ
नातेवाइकानं केलेला चालत नाही, तो वकील असला तरी. अनुवादक घराबाहेरचा, त्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर, आणि मूळ मराठी कागदाची प्रत सोबत. स्कॅन 200-300 डीपीआयला करायला सांगा. झेरॉक्सवाले 600 ला करून ठेवतात आणि मग 4 एमबीच्या मर्यादेत फाइल बसत नाही.

धानबांधी
इंग्लंड. घाईत लिहितो, मळणी चालू आहे.

ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिकल्यावर तिथं काम करायचा, इंग्लंडात असतानाच, स्टुडंट व्हिसा जिवंत असताना मागायचा असतो. घरी आल्यावर नाही. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला 22 जुलै 2025 पासून साधारण पगार 41,700 पौंड आणि काम पदवीच्या पातळीचं. पण परत आलेल्यांसाठी 'न्यू एन्ट्रंट' नावाची सवलत आहे, 33,400 पौंड. अर्जाच्या दिवशी वय 26 च्या आत किंवा शेवटचा स्टुडंट वा ग्रॅज्युएट व्हिसा संपून 2 वर्षं झालेली नसावीत. त्या-त्या कामाचा ठरलेला दर असतो, त्याच्या 70 टक्केही भरले पाहिजेत. म्हणून पहिले जुन्या व्हिसाची शेवटची तारीख काढा, अन् त्यात 2 वर्षं मिळवून भिंतीवर लिहून ठेवा.

नोकरी देणाऱ्याचं नाव सरकारच्या लायसन्स्ड स्पॉन्सरांच्या (बाहेरचे लोक घ्यायची परवानगी असलेल्यांच्या) यादीत आहे का ते स्वतः पाहा, यादी फुकट आहे. त्यानं दिलेलं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप 3 महिन्यांत वापरावं लागतं. ते विकत घ्यायची वस्तू नाही. केअर वर्करची बाहेरून होणारी भरती 22 जुलै 2025 लाच बंद झाली आणि आपल्याकडे अजून त्याचे पॅम्प्लेट वाटतात. लोक वावर गहाण टाकतात त्यावर. कृपा करून थांबवा त्यांना.

मेळघाटवासी
धानबांधी भाऊ, इंग्लंडची ती सोडतीवरची यंग प्रोफेशनल्स स्कीम राहिली ना.

धानबांधी
हो जी. 18 ते 30 वय, पदवी पाहिजे, वर्षाला 3,000 जागा, सोडत सहसा फेब्रुवारी आणि जुलैत. सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नाव निघालं की 90 दिवसांत अर्ज. खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस, मधे एक दिवस कमी झाले तरी मोजणी पहिल्यापासून. व्हिसा 2 वर्षांचा, वाढत नाही, नोकरीची ऑफर लागत नाही. आधी तिथं शिकलेला असला तरी चालतं. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार) वर्षाला 776 पौंड, दोन्ही वर्षांचा अर्जासोबतच.

दारव्हाकर
जर्मनीत शिकून आलेल्यांना मोठा आधार आहे आणि बहुतेकांना माहीतच नसतो. 1 जून 2024 पासून चान्सेनकार्ड आहे, नोकरी शोधायला 1 वर्षापर्यंत. इतरांना त्यासाठी 6 गुण जमवावे लागतात, जर्मन डिग्रीवाल्यांना गुण लागतच नाहीत, ते थेट फाखक्राफ्ट, म्हणजे मान्यताप्राप्त कुशल माणूस. शोधता शोधता हप्त्याला 20 तास काम करता येतं. खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं अन् महिन्याला ठरावीकच काढता येणारं खातं, 2025 चा दर महिन्याला 1,091 युरो, वर्षाचे 13,092.

नोकरी आधीच मिळाली तर सरळ ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना. 2025 मध्ये पगाराची मर्यादा 48,300 युरो, पण डिग्रीला 3 वर्षं झाली नसतील तर 43,759.80. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, करार करताना त्या वर्षाचाच पाहा. ब्लू कार्डावर 27 महिन्यांनी कायमचा परवाना मिळू शकतो, जर्मन भाषा बी1 पातळीची असेल तर 21 महिन्यांनी. म्हणून इथं आहात तोवर भाषा सोडू नका. रोज तासभर, एवढंच मागणं.

मेळघाटवासी
ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या दिवशी खात्यात जास्तीचे पैसे पाहिजेत. 13,092 युरो 10 लाखांच्या वर जातात.

शेगावची माय
माझ्या लेकाचं अमेरिकेतलं एमएस हाय. त्याले कोणी काही सांगत नाई.

मेळघाटवासी
काकू, ऐका. ओपीटी, म्हणजे शिकल्यावर काम करायची परवानगी, तिकडं असतानाच, कोर्स संपल्यापासून 60 दिवसांच्या आत मागायचं असते. ते गेलं. पण एच-1बीच्या (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाच्या) सोडतीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी 20,000 जागा वेगळ्या असतात अन् त्या डिग्रीले मुदत नाई, माणूस गावात असला तरी लागू. कॉलेज सरकारी किंवा ना-नफा पाहिजे, नफा कमावणाऱ्या खाजगी संस्थेची डिग्री त्यात धरत नाईत. नोंदणी मार्चमध्ये, 215 डॉलर, ती कंपनीच करते. अडचण अशी की 21 सप्टेंबर 2025 पासून बाहेर असलेल्या माणसासाठी नव्या अर्जावर 1 लाख डॉलरची रक्कम लावली. त्यामुळं कंपन्या मागं सरतात. पुन्हा दुसरं एमएस केलं तरी नवं ओपीटी नाई, वरच्या पातळीवर, म्हणजे पीएचडी केली तरच. त्याले दुसऱ्या देशाचे दरवाजे पण पाहू द्या.

शेगावची माय
देव भलं करो बाबू. त्याले वाचून दाखवतो.

वैनगंगा
माय, त्याचं अमेरिकेतलं शिक्षण कॅनडाच्या फेडरल स्किल्डमध्ये ईसीए काढून चालतं. सीआरएसमध्ये वय 20 ते 29 असेल तर वयाचे गुण पूर्ण मिळतात, 30 पासून दर वर्षी कमी होतात.

आता लेकींचं लिहिते, कारण ते कोणी लिहीत नाही. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. डिग्री माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, पासपोर्ट कोणत्या तरी तिसऱ्याच. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. बाहेर जायचं मनात असेल तर डिग्रीवरचंच नाव पासपोर्टवर राहू द्या. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. गावात ते ग्रामसेवकाकडे होतं, 1998 च्या कायद्याप्रमाणे. लग्नपत्रिका आणि फोटो हा पुरावा नव्हे. आद्याक्षर किंवा स्पेलिंगचाच फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, पूर्ण नाव बदललं असेल तर राजपत्र.

पांढरंसोनं
पीसीसीले, म्हणजे पोलिसांच्या दाखल्याले, नागपूरले जाणं लागते का?

दारव्हाकर
सप्टेंबर 2022 पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रांतही घेतात. सध्या राहता तो पत्ता टाका. पासपोर्टवर पुण्याच्या भाड्याच्या खोलीचा जुना पत्ता आहे म्हणून तोच टाकला की पोलीस चौकशी तिकडं जाते आणि उलटी येते. कॅनडासाठी भारताची पीसीसी अर्जाच्या आधीच्या 6 महिन्यांतली हवी, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. खुद्द कॅनडाची पीसीसी कॅनडा मागत नाही. मात्र तिथं राहून आलेला दुसऱ्या देशाला अर्ज करत असेल तर तो देश मागू शकतो.

संत्राबाग
अन् कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचं आमंत्रण आलं की अर्जाले 60 दिवसच असतात, हे लक्षात ठेवा. 21 ऑगस्ट 2025 पासून वैद्यकीय तपासणी पण अर्जाच्या आधीच करावी लागते, अन् तीही त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. पीसीसी अन् बँकेचं पत्र त्याच 60 दिवसांत बसवायचं. जुन्या मालकाचं अनुभवपत्र मात्र आजच मागा. त्यात पद, कामं, हप्त्याचे तास, पगार, तारखा अन् सही पाहिजे. दुकान बंद पडलं किंवा मॅनेजर बदलला की ते पत्र भेटत नाई.

धानबांधी
ऑस्ट्रेलियाचं उद्या लिहितो, लाइन गेली. तोवर एवढंच. गुणांवर मिळणाऱ्या कुशल कामाच्या व्हिसाला 45 च्या आत वय, किमान 65 गुण, तिथं 2 शैक्षणिक वर्षं शिकल्याचे 5. डिग्री जुनी झाली म्हणून ते 5 जात नाहीत.

पांढरंसोनं
बहिणीचे तास मोजले. 3 वर्षांत 1,410 भरतात. कॅनेडियन एक्स्पिरियन्स गेलं म्हणायचं?

वैनगंगा
त्या गटातून हो. पण तिचं एकूण काम किती? सलग वर्षभर असेल तर फेडरल स्किल्डमध्ये तेच काम पूर्ण धरतात. जनरल ट्रेनिंगची तारीख घे आणि बँकेत सरासरी शिल्लक किती निघते ते विचारून ये. मग 67 चा हिशेब इथंच मांडू.

पांढरंसोनं
14 महिने सलग हाय ताई. उद्या सकाळच्या बसनं जातो बँकेत.