टँपात जुन्या मित्रांची बैठक: सिगार, कॉफी आणि जेवण यांचा मेळ कसा घालावा?

टँपाकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून फ्लोरिडातील टँपा येथे राहतो. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एकाच वसतिगृहात राहिलेले आम्ही पाच जण पंचवीस वर्षांनंतर येत्या जानेवारीत माझ्याकडे तीन दिवसांसाठी जमणार आहोत. एक मित्र पुण्याहून, एक दुबईहून आणि दोघे अमेरिकेतूनच येतील. शनिवारचा दिवस ईबोर सिटी या टँपातील सिगार-कारखान्यांच्या जुन्या वस्तीत घालवावा आणि रात्री घरी बैठक जमवावी असा बेत आहे, कारण सिगार, कॉफी आणि जेवण या तिन्ही गोष्टी एकाच वस्तीच्या इतिहासात इतक्या गुंतलेल्या दुसरीकडे मी तरी पाहिलेल्या नाहीत.

अडचण मंडळींच्या आवडीनिवडींची आहे. दुबईचा मित्र आणि आणखी एक जण वर्षातून चार-पाच वेळा चवीने सिगार ओढतात. तिसऱ्याला धूर अजिबात सोसत नाही. पुण्याचा मित्र शाकाहारी असून अंडेही खात नाही. उरलो मी: कॉफीवर जीव असलेला आणि सिगारच्या बाबतीत अगदी नवशिका. गेल्या खेपेस मी ती रिकाम्या पोटी ओढली आणि अर्ध्या तासात घेरी येऊन आडवा झालो. दिवसाचा क्रम कसा लावावा, शाकाहारी माणसाने ईबोरमध्ये काय खावे, दुबईच्या मित्राने क्यूबाच्या सिगार आणू का असे विचारले आहे त्याला काय सांगावे, आणि ज्याला धूर नको आहे तो मित्र रात्री एकटा पडू नये यासाठी काय करावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सातवा रस्ता यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक पाहुणे ईबोरला रात्रीच्या मद्यालयांसाठी जातात आणि वस्ती न पाहताच परततात. शहराच्या मध्यभागातून ट्रामने या. २०१८ पासून तिचे भाडे घेतले जात नाही, शिवाय गाडी कुठे लावायची ही विवंचना उरत नाही. वाटेत कोंबडे आडवे आले तर त्यांना आधी जाऊ द्या. त्या वस्तीत ते मोकळे फिरतात, त्यांना हात लावण्यास मनाई आहे, आणि हे त्यांना पक्के ठाऊक असल्यासारखे त्यांचे वागणे असते.

व्हिसेंते मार्तिनेझ ईबोर हा स्पेनमध्ये जन्मलेला आणि हवानात सिगारच्या धंद्यात नाव कमावलेला उद्योजक. क्यूबातील पहिल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १८६९ मध्ये, तो तिथून निघून की वेस्टला आला आणि १८८५ मध्ये त्याने टँपाच्या शेजारी जमीन विकत घेऊन ही वस्ती वसवली. इथे बंदर होते, रेल्वे नुकतीच येऊन पोहोचली होती, क्यूबाची तंबाखू बोटीने सहज उतरवता येत होती आणि हवा इतकी दमट होती की हाताळताना पान चुरत नसे. १८८६ मध्ये इथे सिगार वळल्या जाऊ लागल्या, आणि १९२९ च्या सुमारास टँपातून वर्षाला सुमारे ५० कोटी सिगार बाहेर पडत होत्या. कामाला आलेले क्यूबन, स्पॅनिश आणि इटालियन लोक आपापली पाककला घेऊन आले, म्हणून इथल्या क्यूबन सँडविचमध्ये हॅम, भाजलेले डुकराचे मांस, स्विस चीज, लोणच्यातील काकडी आणि मोहरी यांच्या जोडीला इटालियन सलामीही, म्हणजे मुरवलेल्या मांसाच्या सॉसेजचे कापही, असतात. मायामीचे लोक सलामीला नाक मुरडतात. टँपाच्या नगर परिषदेने मात्र २०१२ मध्ये सलामीसहित सँडविचलाच शहराचे अधिकृत सँडविच म्हणून मान दिला.

आपल्या बैठकीशी सर्वांत जवळचा धागा मला कारखान्यांतील वाचकाचा वाटतो. शेकडो कामगार ओळीने बसून सिगार वळत असताना एक माणूस उंच चौथऱ्यावर बसून खणखणीत आवाजात सकाळी वर्तमानपत्रे आणि नंतर कादंबऱ्या वाचून दाखवत असे. त्याचा पगार मालक देत नसत, कामगार आपसात वर्गणी काढून देत आणि पुढची कादंबरी कोणती हेही तेच ठरवत. वाचक कामगारांच्या डोक्यात भलते विचार भरवतात अशी तक्रार करून मालकांनी १९३१ मध्ये ही प्रथा बंद केली आणि पुढे त्या जागी रेडिओ आले. क्यूबाचा स्वातंत्र्यनेता होसे मार्ती याने याच कामगारांपुढे भाषणे करून लढ्यासाठी निधी उभा केला. त्याच्या नावाचे छोटे उद्यान आठव्या अव्हेन्यूवर आहे आणि ती जमीन आजही क्यूबाच्या मालकीची आहे. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारमध्ये गुंडाळून क्यूबाला धाडला, अशी कथाही इथे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते.

सिगारचा चालू कारखाना पाहायचा असेल तर जे. सी. न्यूमन यांच्याकडे आगाऊ नोंदणी करून शक्यतो शुक्रवारी जा, म्हणजे शनिवार मोकळा राहील. १९१० सालची ती लाल विटांची इमारत घड्याळाच्या मनोऱ्यामुळे ‘एल रेलोह’ म्हणून ओळखली जाते. आत अनेक दशकांपूर्वीची यंत्रे अजून चालतात, त्यामुळे आपण सगळे अभियंते तिथून लवकर निघाल असे मला वाटत नाही.

दुपारच्या जेवणाला कोलंबियामध्ये जा. हे उपाहारगृह १९०५ पासून चालू आहे, आता त्याने रस्त्यांमधला अख्खा ब्लॉक व्यापला आहे आणि त्यात पंधरा दालने आहेत. शनिवारी जागा राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका. शाकाहारी मित्रासाठी मात्र डोळ्यांत तेल घालून विचारावे लागेल. तिथले प्रसिद्ध ‘१९०५’ सॅलड हॅमशिवाय मागता येते, पण त्याच्या मसाल्यात वूस्टरशायर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये मासे असतात. क्यूबन पावाच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी घालतात. काळ्या घेवड्याची आमटी निरुपद्रवी दिसते, परंतु तिच्यातही पुष्कळदा मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. पिकल्या केळ्यांचे तळलेले काप बहुधा चालतील, पण तेल कोणते आणि त्यात आणखी काय तळले जाते हे विचारून घ्या. कोकणातल्या राजेळी केळ्यांच्या कापांची आठवण होईल. तिथे मिळणारा ‘युका’ म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद, हे पुणेकर मित्राला पहिला घास घेतल्यावरच सांगा.

डिकॉक्शन यांचे उत्तर

वरच्या उत्तरात कॉफी राहून गेली, ती मी पुरी करतो. ईबोरची सकाळ ‘काफे कोन लेचे’ने सुरू करावी. ही गडद भाजलेल्या कॉफीचा दाट अर्क आणि त्यात जवळजवळ तेवढेच किंवा त्याहून अधिक कढत दूध अशी असते, त्यामुळे दाक्षिणात्य फिल्टर कॉफी प्यायलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही, फक्त चिकोरीची चव नसते. सोबत लोणी लावलेला पाव बुडवून खातात; शाकाहारी मित्राला तो का देऊ नये हे वर आलेच आहे.

रात्री जेवणानंतर दूध वर्ज्य करून क्यूबन पद्धतीची छोटी, काळी, गोड कॉफी करा. त्यासाठी शेगडीवर ठेवायचे मोका भांडे, म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वरच्या कप्प्यात चढवणारे भांडे, पुरते. कॉफी वर येऊ लागताच पहिले काही थेंब साखरेवर ओतून ती फिकट आणि फेसाळ होईपर्यंत चमच्याने फेटावी, मग उरलेली कॉफी त्यावर ओतावी, म्हणजे साखरेचा फेस वर तरंगतो. वसतिगृहात आपण कपात नेसकॅफे आणि साखर घालून मनगट दुखेपर्यंत जे फेटत असू, तेच हे काम आहे, म्हणून मला विचाराल तर ते पाहुण्यांनाच करायला लावावे. मायामीकडे अशा कॉफीचा एक पेला घेऊन तो चार-पाच इवल्याशा कपांत वाटून पिण्याची रीत आहे, त्याला ‘कोलाडा’ म्हणतात. पाच जणांच्या बैठकीला ते प्रमाण नेमके बसते, आणि रात्री दहानंतर त्याहून जास्त कॉफी पिऊन कोणाचे भले होत नाही.

धूरवर्ज्य यांचे उत्तर

मी अशा बैठकांतला धूर न सोसणारा माणूस आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. ‘तू जरा लांब बस, आम्ही धूर दुसरीकडे सोडतो’ असे सांगून यजमान निर्धास्त होतात आणि पाहुणा दोन तास वाऱ्याची दिशा पाहत बसतो. आपल्या घरामागे जाळीची पडवी, म्हणजे इथे जिला लनाई म्हणतात ती, असेल तर तीदेखील छत आणि तीन भिंतींमुळे धूर धरून ठेवते. सिगार ओढणाऱ्यांनी अंगणात, उघड्यावर बसावे आणि घराचे सरकते दार बंद ठेवावे. जानेवारीत रात्री हवा गार असली तरी स्वेटर घालून बसण्याजोगी असते.

महत्त्वाचे असे की सिगार हा बैठकीचा गाभा करू नका, तो शेवटचा पाऊण तास ठेवा. जेवण, कॉफी आणि गप्पा एकाच टेबलावर पाचही जणांच्या होऊ द्याव्यात, आणि त्यानंतर ज्यांना ओढायची आहे त्यांनी बाहेर जावे. तोवर आम्हा उरलेल्यांना आवराआवर करताना खऱ्या गप्पा मारता येतात, असा माझा अनुभव आहे. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा समज खरा नाही. तिने तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मित्रांनी काय करावे हे मी सांगणार नाही, परंतु मूळ प्रश्नकर्त्याला मागच्या वेळी घेरी आली असेल तर केवळ सोबत म्हणून पुन्हा ओढण्याचे मला कारण दिसत नाही.

वेष्टन यांचे उत्तर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि मी सिगार ओढणारा आहे. घेरी निकोटीनमुळे आली. सिगार पोटभर जेवणानंतरच घ्यावी, घाईने ओढू नये आणि गरगरू लागले की ठेवून द्यावी. तिचा धूर तोंडात घोळवून सोडायचा असतो, गिळायचा नसतो.

दुबईच्या मित्राला क्यूबाच्या सिगार आणू नको असे आजच कळवा. अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या १९६२ च्या व्यापारबंदीनंतर मधल्या काही वर्षांत प्रवाशांना थोडी सूट मिळाली होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये काढून घेण्यात आली. दुसऱ्या देशात विकत घेतलेल्या क्यूबन सिगारही सामानातून अमेरिकेत आणता येत नाहीत. ईबोरमध्ये माणूस डोळ्यांदेखत सिगार वळतो अशी छोटी दुकाने आहेत, तिथूनच घ्या. हल्ली पान बहुधा निकाराग्वा, डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास किंवा एक्वाडोरचे असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या मित्राला कोणासाठी भेट न्यायची असेल तर भारतात २५ पर्यंत सिगार शुल्काविना नेता येतात.

आकार ‘रोबुस्तो’ घ्यावा. तो पाच इंच लांब आणि सुमारे २० मिलिमीटर जाड असतो आणि पाऊण ते एक तास चालतो, म्हणजे वर सुचवलेल्या वेळेत बसतो. वरचे पान फिकट असेल तर चव सौम्य असते आणि ती दुधाच्या कॉफीबरोबर जुळते, तर काळ्या गोड कॉफीबरोबर ‘मादुरो’, म्हणजे जास्त मुरवलेल्या गडद पानाची सिगार मला अधिक पसंत आहे. तीन दिवसांसाठी लाकडी पेटी विकत घेण्याची गरज नाही. हवाबंद पिशवीत ६५ ते ६९ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून कपाटात ठेवा, फ्रिजमध्ये नको, कारण तिथे पान कोरडे पडते आणि कालच्या आमटीचा वास घेते. तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी दोन मिलिमीटरच कापा. ब्यूटेनचा लायटर किंवा लांब काडी वापरा, आणि काडीचे गंधक जळून गेल्यावर मगच ज्योत जवळ न्या. मिनिटाला एक झुरका पुरे. शेवटी ती सिगारेटसारखी चिरडू नये, रक्षापात्रात ठेवली की आपणच विझते आणि घाण वासही कमी येतो.

टँपाकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दुबईला निरोप धाडला आहे. तिकडून एक उसासा आणि ‘मग खजूर आणतो’ असे उत्तर आले. कारखान्याची फेरी शुक्रवारी होईल. शनिवारी दुपारी कोलंबियात जेवू, पण रात्रीचे जेवण घरी करायचे ठरवले आहे. मांसाशिवाय शिजवलेला काळा घेवडा आणि भात, केळ्यांचे काप, लसूण-लिंबाच्या फोडणीतला युका, आणि पुणेकराचा विश्वास बसावा म्हणून शेजारी साबुदाण्याची खिचडीही. सिगार ओढणारे दोघे नंतर अंगणात बसतील. मी या वेळी ओढणार नाही.

वाचकाची गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही वसतिगृहाचे एक हस्तलिखित काढले होते आणि त्याची एकुलती एक प्रत पुण्याच्या मित्राकडे आहे. ती त्याला घेऊन यायला सांगितली आहे. धूर न सोसणाऱ्या मित्राचा आवाज आमच्यात सर्वांत खणखणीत, तेव्हा कॉफी फेटली जात असताना त्यानेच वाचावे आणि अंगणाचे दार त्यानंतरच उघडावे, असे ठरवतो आहे. एवढेच विचारायचे राहिले: पाच जणांसाठी मोका भांडे सहा कपांचे घ्यावे की तीन कपांचे दोनदा लावावे?

डिकॉक्शन यांचे उत्तर

सहा कपांचे घ्या. हे कप इवलेसे असतात आणि भांडे अर्धे भरून चालत नाही, त्यामुळे ते पूर्णच भरावे लागेल. पाचांना पुरून जो एक कप उरेल, तो वाचणाऱ्याला द्यावा.