मदत हवी आहे: वजन उतरवताना काय खातो ते बघू की किती खातो ते?

नमस्कार मंडळी. वय ४१. तीन महिन्यांपूर्वी वजन ७८ किलो होतं, आता ७४ आहे. बहुतेक दिवस रोज १५०० कॅलरी मोजून खाल्ल्या. काट्यावर फरक दिसतोय, पण भूक सहन होत नाही.

कॅलरी कशातूनही आली तरी सारखीच, असं मी धरून चालले होते. २०१० साली मार्क हॉब या अमेरिकी पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक आणि तसलाच खाऊ खाल्ला, पण रोज १८०० कॅलरींच्या आत राहून सुमारे १२ किलो घटवले, हे वाचून धीर आला होता. मग दुपारचं अर्धं जेवण काढून तेवढ्याच कॅलरींची बिस्किटं खायला लागले. हिशेब चोख जुळायचा. रात्री साडेदहाला मात्र अंधारात डबा उघडायचा, झाकण वाजू नये म्हणून बोटांनी दाबून धरायचं. आठवड्यातून तीन-चारदा हेच.

बहीण म्हणाली, मोजणं सोड, पौष्टिक खा, वजन आपोआप उतरेल. पंधरा दिवस तिचं ऐकलं. भूक शांत झाली, पण काटा जागचा हलला नाही. एकदा शेंगदाण्यांची मूठ वजन करून पाहिली तर ५२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी! अशा मुठी दिवसात दोन.

दोन्ही एकदम सांभाळायला गेले की आठवड्यात थकते. आधी काय धरू? ज्यांनी वजन उतरवून टिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमचे दोन्ही अनुभव खरे आहेत. वजन उतरतं ते कॅलरी कमी पडल्यामुळेच. पण कमी खाणं निभतं की नाही, हे ताटात काय आहे त्यावर ठरतं. २०१९ साली केव्हिन हॉल या संशोधकांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात बनवलेलं, बहुधा पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतुमय घटक (फायबर) सारखेच, हवं तेवढं खायची मुभा. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि साधारण किलोभर वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली.

म्हणून आधी ताट बदला. प्रथिनं, भाज्या, कडधान्यं वाढवा, ती मोजत बसू नका. मोजायचं ते फक्त तेल, दाणे, सुकामेवा, चीज. चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, प्रथिनं आणि कर्बोदकांत ४. मी स्वतः एवढंच मोजते, दोन वर्षं झाली.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज तेलाचा मोठा चमचा काट्यावर धरला: १४ ग्रॅम, सुमारे १२० कॅलरी. फोडणीत असे तीन जात होते आणि मी एकच लिहीत होते. आता एकच शंका: रात्रीच्या भुकेसाठी प्रथिनं सकाळी वाढवू की रात्रीच्या जेवणात?