ट्राउटच्या फिल्म्स "स्क्रीनसेव्हर" आहेत म्हणे

डोहातला_भिडू: काल इथे एकाने लिहिलं की फ्लाय फिशिंगच्या (गळाला खोटी माशी लावून नदीत मासा धरायच्या) फिल्म्स म्हणजे रिटायर्ड गोऱ्यांचा स्क्रीनसेव्हर, तासभर माणूस पाण्यात उभा, शेवटी मासा धरतो आणि सोडून देतो, "मग धरलाच कशाला". विषय सोडून देणार होतो पण राहवेना. अहो, मासा बघायला बसलात म्हणून कंटाळलात, पाणी बघा ना! इंग्लंडातल्या हॅम्पशरची टेस्ट नदी घ्या, इचन घ्या, खडूच्या थरातून झिरपून आलेलं पाणी, काचेसारखं, तळातली पाणवनस्पती हलताना दिसते. मेफ्लाय (पाण्यावरची नाजूक माशी) वाहत आली की ट्राउट मासा आधी नुसता तिच्या खाली राहून मागे सरकत तिच्याकडे बघतो, दोनदा नाकारतो, मग नाक वर. पोलंडच्या सान नदीतला ग्रेलिंग, ट्राउटचाच भाऊबंद, याच्या उलट, तळाला पडून असतो, तिथून जवळजवळ उभा वर येतो, माशी हुकली तरी बिथरत नाही, परत येतो. हे कळायला लागलं की तासभर कमी पडतो.

सुरमई_फ्राय: एवढं लिहिलंत पण उत्तर नाहीच दिलंत. सोडायचाय तर टोचता कशाला? आमचे आजोबा खाडीवर गरवायला जायचे, गळाला लागलं ते संध्याकाळी कालवणात. आजोबांना कुणी ड्रोनने शूट नाही केलं. स्वित्झर्लंडात सोडून द्यायच्याच हेतूने मासा धरणं बेकायदा आहे, ते लोक येडे का?

डोहातला_भिडू: येडे नाहीत, पण तिथेही लहान मासा सोडावाच लागतो. टोकाला उलटा काटा नसलेला गळ, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून सोडायचा, बहुतेक जगतात. अमेरिकेत मोंटानात नदी तापली की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात, का तर गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी मरतो. खाडीवर आहे असा नियम?

सुरमई_फ्राय: खाडीवर ट्रॉलर आहेत, एलईडी दिव्यांनी मासे खेचून रात्री समुद्र खरवडतात, त्यावर करा फिल्म! कधीपासून बोंबलतोय.

पावसाळी_ताई: झालं, आला एलईडीचा विषय, आता पन्नास रिप्लाय. मी १५ वर्षं इंग्लंडात आहे, माझा राग वेगळाच आहे. जगातल्या चॉक स्ट्रीम्सपैकी, म्हणजे त्या खडूच्या पाण्याच्या नद्यांपैकी, ८५ टक्के इथे, आणि त्यातल्या कितीतरी नद्यांत पाऊस पडला की मैलापाणी सोडतात. फिल्ममध्ये कधी दिसतं का? वासराच्या डोळ्यांसारखं निरागस पाणी आणि वर पियानो. रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ चा फ्लाय फिशिंगवरचा सिनेमा "अ रिव्हर रन्स थ्रू इट" आठवतोय? कथा मोंटानातल्या ब्लॅकफूट नदीची, शूटिंग गॅलाटिनसारख्या दुसऱ्याच नद्यांवर, कारण ब्लॅकफूटची खाणी आणि लाकूडतोडीने वाट लागली होती.

डोहातला_भिडू: ताई, तो सिनेमा बघूनच लोकांना ब्लॅकफूटची आठवण झाली आणि साफसफाईला पैसा, माणसं मिळाली. म्हणजे उपयोग झाला की नाही?

पावसाळी_ताई: झाला. आणि नदीवर गर्दीही झाली, तेही लिहा.

किनारा_कट्टा: गंमत म्हणजे हेच टेस्टवाले सभ्य लोक ग्रेलिंगला ट्राउटचा वाटा खाणारं तण समजायचे, जाळी टाकून काढायचे. फ्रँक सॉयर, इंग्लंडातल्या एव्हन नदीचा राखणदार, त्याने "किलर बग" नावाचा गळाला लावायचा खोटा किडा केला तो ग्रेलिंग कमी करायलाच, मोजे रफू करायच्या लोकरीचा! चॅडविकची ४७७ नंबरची लोकर, आता बनत नाही, तर ती गुंडाळलेल्या उरलेल्या कार्डांसाठी लोक भरमसाट पैसे मोजतात. ज्याला मारायला बनवला त्याच्याच प्रेमाने आज फिल्म काढतात.

सुरमई_फ्राय: बघा! म्हणजे प्रेम आहे की फॅशन? आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीला खवळे मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, टोचतही नाही. ते खरं संवर्धन.

डोहातला_भिडू: आजोबांनी तिथे गरवलं असतं का?

सुरमई_फ्राय: आजोबांवर जाऊ नका.

डोहातला_भिडू: तुम्हीच आणलंत त्यांना.

पावसाळी_ताई: दोघेही थांबा. टेस्टवर मेफ्लायच्या दिवसांत एका दिवसाचं तिकीट शेकडो पौंड आहे, कुणीही उद्या जाऊन मासा टोचणार नाहीये, भांडताय कशावर?

सुरमई_फ्राय: बरं. त्या सानच्या ग्रेलिंगच्या फिल्मची लिंक टाका. आवाज बंद करून बघेन. मासा सोडताना मात्र फिल्म पुढे पळवणार.